‘सिद्ध’ हा शब्द मी खोडला, अक्का

अक्का, तुझ्या शोकसभेच्या आदल्या दिवशी मी भांडले. तुझ्या फोटोखाली काय छापायचं यावरून.

फलकाचा नमुना तुझ्या कॉलेजच्या शिक्षणसंस्थेच्या चेअरमनसाहेबांनी माझ्या मोबाईलवर पाठवला होता, ‘बघून घ्या’ म्हणून. मी बघून घेतला. नाव बरोबर, पदव्या बरोबर. फोटो तो चष्म्यातला, ज्यात समोरच्याचं बोलणं तुला अजून पटलेलं नाही. त्याखाली ठळक अक्षरांत: ‘विचार की. संशोधनाने सिद्ध झालेला उपक्रम, मॅडमच्या नावाने आता आमच्या सर्व शाळांत.’

मी लगेच फोन लावला.

“‘सिद्ध’ शब्द काढा,” मी म्हटलं.

“बेबीताई, एका शब्दानं काय होतंय?”

“काहीच होत नसेल तर काढा की.”

ते हसले. त्यांना वाटलं, दुःखात आहे, बोलू दे. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, “मॅडमनी म्हातारपणी खेडोपाडी वणवण केली. त्याचं चीज नको व्हायला? आणि पोरं बोलायला लागलीत हे तुम्हीच आम्हाला सांगत होता.”

खरं होतं. मीच सांगत होते. पंचाईत तीच होती.

तुला सगळं ठाऊक आहे, पण हे वाचणाऱ्यांना नाही, म्हणून आधी ते मांडते. तू कॉलेजात मानसशास्त्र शिकवलंस. मी तुझी धाकटी बहीण, एका हायस्कूलचं कार्यालय सांभाळून वेळेआधी निवृत्त झाले. तू निवृत्त झाल्यावर एक प्रश्न हातात घेतलास. राधानगरीकडच्या शाळांतली पोरं घरी, ओढ्यावर, म्हशींमागं तोंड मिटत नाहीत. मग वर्गात काही कळलं नाही तर गप्प का बसतात? आणि विचारायची सवय लावता येते का? त्यासाठी तू आठवड्याला एका तासाचा वर्ग बेतलास. नाव मी ठेवलं, ‘विचार की’. गाडी, परवानग्या, वेळापत्रक, डबे हे सगळं माझ्याकडं आलं. वर्गही मीच घ्यायचे, कारण तुझ्या म्हणण्याप्रमाणं माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो आणि तुझा पहिल्याच बाकावर बसून राहतो.

लोकांना वाटायचं, तू मानसशास्त्राची, म्हणजे तुला माणसाच्या मनातलं कळत असणार. लग्नकार्यात बायका तुझ्यापासून चार हात लांब बसायच्या. प्रत्यक्षात कुणाच्या मनातलं ओळखल्याचा दावा तू कधी केला नाहीस. उलट मी कुणाबद्दल काही ओळखलं म्हणाले, की तू विचारायचीस, “कशावरून?” नणंद रुसली. कशावरून? नवा शिपाई लबाड आहे. कशावरून? जेवणाच्या ताटावर सुद्धा हेच. अव्वा, आपली आई, असती तर म्हणाली असती, ही पोरगी कोर्टात जायला हवी होती.

मला कामाला लावण्याआधी तू मला शिकवायला मिसळीच्या दुकानात नेलंस. परगावच्या कुणीतरी बनवलेला एक तक्ता होता. माणसाचं आक्रमक वागणं मोजायचा. आवाज चढवला की खूण, हातवारे केले की खूण, टेबलावर हात आपटला की खूण. तू एका टेबलावर, मी दुसऱ्या. दोघींनी एकाच गिऱ्हाइकाकडं बघायचं, एकमेकींच्या कागदाकडं बघायचं नाही. गिऱ्हाईक निवडलं ते भरदार मिशांचं.

“ओ पावणं,” ते गरजलं, “मिसळीवर वतायला कट आणा की. का पन्हाळ्यास्नं येतोय?”

“आलो की. दोन पाय हायत मला, ट्रॅक्टर न्हवं,” पोऱ्या नाही, मालकच आतून ओरडला.

“मग ट्रॅक्टर घ्या. गल्ला काय कमी हाय व्हय?” आणि टेबलावर हात आपटला.

बाहेर येऊन आपण कागद शेजारी शेजारी धरले. खुणा तंतोतंत जुळल्या. मी खूश झाले.

“जुळलं,” तू म्हणालीस. “आता सांग, तो माणूस चिडला होता?”

“छे. जाताना मालकाच्या खांद्यावर हात टाकून गेला.”

“मग हा तक्ता मोजतोय काय?”

“कोल्हापूर मोजतोय,” मी म्हटलं.

तू रस्त्यात उभी राहून एवढी हसलीस की मागचा रिक्षावाला थांबला. पण धडा तू तेवढ्यात पुरा केलास. दोन माणसांनी एकसारखं मोजलं म्हणजे बरोबर मोजलं असं नाही. दोघं मिळूनही चुकीचीच गोष्ट मोजू शकतात. कार्यालयात मी इतकी वर्षं दोन-दोन सह्या घेऊन कागद फाइलला लावत आले होते. तुझं हे वाक्य मला नंतर बरेच दिवस टोचत राहिलं.

शाळांत गेल्यावर आपण आधी छापील प्रश्नावली वापरली. ‘वर्गात प्रश्न विचारायला मला भीती वाटते. नेहमी, कधी कधी, कधीच नाही.’ सातवीतल्या एका पोरीनं हात वर केला.

“बाई, ह्यातलं बरोबर कुठलं हाय?”

“यात बरोबर-चूक काही नसतं. तुला वाटतं ते लिही,” मी म्हटलं.

“मग मार्क कशावर देणार?”

“मार्क नाहीत.”

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं आपण फुकट काही देणाऱ्याकडं बघतो. मग शेजारणीच्या कागदात डोकावली. शेजारीण हुशार होती. तिनं लिहिलं होतं ‘कधीच नाही’. थोड्या वेळात सगळ्या रांगेनं ‘कधीच नाही’ लिहिलं. कागदावर त्या वर्गाइतका निर्भय वर्ग साऱ्या जिल्ह्यात नव्हता, आणि तासभर एकानंही तोंड उघडलं नव्हतं. त्या पोरीचे दोन प्रश्न सोडून.

तू गाडीत ते गठ्ठे मांडीवर घेऊन बसलीस आणि म्हणालीस, “विचारलं की माणूस आपल्याला काय हवंय ते सांगतो. वागायला लावू या.” मग तो कागदी पिशवीचा तास निघाला. पोरांनी कधी न पाहिलेला शिक्षक वर्गात जाणार, कागदाची पिशवी करायला शिकवणार, आणि मधली एक घडी मुद्दाम सांगणार नाही. पिशवी कुणाचीच होणार नाही. आता कोण अडून बसतं आणि कोण विचारतं, तेवढंच मोजायचं. एवढं साधं. मला ते फार आवडलं, कारण त्यात पोरांना खोटं बोलायला जागाच नव्हती.

शाळा दोन गटांत विभागायला तू चिठ्ठ्या टाकल्यास. मुख्याध्यापकांना समजेना. तेव्हा तू सांगितलंस, “भिशीत नंबर काढतो ना, तसं. मी निवडल्या तर मी चांगल्याच शाळा निवडणार, आणि मग फरक वर्गामुळं पडला की शाळेमुळं, हे कळणार नाही.” एका गटाला वर्ग, दुसऱ्या गटाला काही नाही. दुसऱ्या गटाची पोरं फक्त मोजायची, आधी आणि नंतर.

सत्र संपलं. आपल्या वर्गात विचारणारी पोरं वाढली होती. स्पष्ट वाढली होती. मी पेढे आणायला पिशवी घेतली.

“थांब,” तू म्हणालीस. “दुसऱ्या गटाचं बघू दे.”

दुसऱ्या गटातही वाढली होती. जवळजवळ तेवढीच. पिशवी खुंटीला गेली.

कारण कळलं ते कुंभार गुरुजींच्या शाळेत. गुरुजींची शाळा दुसऱ्या गटात, म्हणजे जिथं काही शिकवायचं नव्हतं त्यात. आपण निरोप घ्यायला गेलो, तर त्यांनी पोहे पुढं केले आणि मला म्हणाले, “दिवस हाय अजून, खाऊन घ्या. मावळल्यावर तुमा जैनांस्नी चालत न्हाय, ठाव हाय मला.” मग समाधानानं खुर्चीत मागं रेलले.

“बाई, एक सांगतो. आमच्या मेव्हण्याच्या शाळेत तुमचा वर्ग व्हता. त्याला म्हटलं, काय शिकवत्यात सांग की. समदं उतरून घेतलं. दर शनिवारी आमच्या पोरांस्नी बी दिलं. त्या गावच्या पोरांस्नी वाढायचं आन आमच्यांनी नुसतं बघत बसायचं व्हय? असं कुठं असतंय का?”

मी तुझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता फुटणार. तू चमचा खाली ठेवलास आणि म्हणालीस, “गुरुजी, छान केलंत.” तू ते मनापासून म्हणालीस, हे मला तेव्हा कळलं नाही. परतीच्या वाटेवर रंकाळा तलाव लागला. मग म्हणालीस, “बेबे, गुरुजींनी आपला अभ्यास पंगतीला वाढला.”

त्या दिवसापासून आपलं जे भांडण सुरू झालं ते संपलं नाही.

मी घरी येऊन आकडे मांडले. गुरुजींची शाळा बाजूला काढली की फरक दिसत होता. मोठा नाही, पण दिसत होता. तू जेवायला आलीस तेव्हा कागद तुझ्या ताटाशेजारी ठेवला. तू आधी भाकरी संपवलीस. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं असल्यामुळं आपल्या घरातली सगळी भांडणं घाईत झाली.

“गुरुजींनी सांगितलं म्हणून कळलं,” तू म्हणालीस. “बाकीच्यांनी पोहे दिले नाहीत म्हणून कळलं नाही, असं असेल तर?”

“असेल तर, असेल तर. असं म्हणत बसलं तर कुठलंच काम पुरं होणार नाही.”

“आणि निकाल आपल्या बाजूनं आला असता, तर गुरुजींना वगळायला तू हा कागद घेऊन आली असतीस?”

मी ताटं उचलली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आज देते. नसते आले. पण म्हणून माझं म्हणणं चुकीचं ठरत नाही, अक्का. चुकीच्या वाटेनं आलेला माणूससुद्धा कधी कधी बरोबर गावाला पोचतो. तू लगेच म्हणाली असतीस, पोचला हे कशावरून?

तू अहवालात शेवटी एक वाक्य लिहिलंस. ‘हा वर्ग उपयोगी आहे की नाही, हे या अभ्यासावरून सांगता येत नाही.’ बस. एवढ्या गाड्या, एवढे डबे, एवढी घाटातली वळणं, आणि शेवटी हे वाक्य. मला ते वाक्य आवडलं नाही. आजही आवडत नाही. पण ते तुझं आहे, आणि त्यावर दुसरं कुणी रंग मारणार असेल तर मी मारू देणार नाही.

तुझं शेवटचं जेवण माझ्याकडं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या शेजारणीचा फोन आला. त्या जेवणातही आपण तेच भांडत होतो, आणि लोकांनी मला विचारलं की शेवटचं काय बोलणं झालं, तर मी खरं तेच सांगते. कुणाला ते बरं वाटत नाही. बहिणींनी शेवटी गोड बोलावं अशी अपेक्षा असते.

मी तुला संध्याचं सांगत होते. पहिल्या महिन्यात ती ओढणीचं टोक तोंडात धरून बसायची. शेवटच्या पिशवीच्या तासाला ती उभी राहिली आणि त्या अनोळखी शिक्षकाला म्हणाली, “सर, मधली एक घडी ऱ्हायली वाटतं तुमची.” मी दाराबाहेर उभी होते. मी डोळे पुसले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, अक्का.

“पाहिलंस,” तू म्हणालीस. “दुसऱ्या गटातही एक संध्या असेल. सत्रभरात तीही धीट झाली असेल, नुसती मोठी झाली म्हणून. तिला तू भेटली नाहीस, म्हणून ती तुझ्या गोष्टीत नाही.”

“तुला पोरं दिसतच नाहीत. तुला आकडे दिसतात.”

तू ताकाची वाटी पुढं ओढलीस. मग म्हणालीस, “आकडे म्हणजे तुला न भेटलेली पोरं, बेबे.”

मग ताक आंबट झालंय म्हणालीस, हात धुतलेस आणि रिक्षा थांबवून गेलीस.

मी बोलले ते मागं घेत नाही. तुला पोरांची नावं लक्षात राहायची नाहीत, हे खरंच होतं. संध्याला तू दोनदा सुवर्णा म्हणालीस. पण तू बोललीस तेही मला हलवता येत नाही. बरेच दिवस प्रयत्न केला. कामांची यादी करताना, दूध तापवताना, तुझ्या कपाटातल्या साड्या कुणाला द्यायच्या ते ठरवताना. हलत नाही. आणि तू समोर नाहीस, की तुझ्यावर ओरडून तरी जरा सैल होईल.

तू मला काय दिलंस, असं सभेत सगळे विचारत होते. एक प्रश्न दिलास. ‘हे चुकीचं असतं, तर काय वेगळं दिसलं असतं?’ हा प्रश्न तू कशालाही लावायचीस. मी साखरेसाठी कारल्याचा रस घेते आणि साखर ताब्यात आहे म्हटल्यावर तू विचारलंस, “गोळ्याही घेतेस ना? मग डॉक्टरला विचारून रस महिनाभर बंद करून बघ. काय बदलतंय ते कळेल.” मी नाही बंद केला. अजून पिते. हा माझा हट्ट आहे आणि तो माझ्यापुरता आहे. पण दुसऱ्यांच्या पोरांच्या बाबतीत हट्टाला ‘सिद्ध’ म्हणायचं नसतं, एवढं तुझ्यामुळं कळलं. आधी ते मला कळत नव्हतं आणि न कळता माझं छान चाललं होतं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे की तुझ्यावर चिडायचं, हे ठरत नाही.

तर सभेच्या दिवशी मी तासभर आधी गेले. फलक तसाच लावला होता. ‘छापून झालाय, आता कसा बदलणार,’ असा निरोप आला होता. मी पर्समधून काळा मार्कर काढला, खुर्ची ओढली आणि वर चढले. संस्थेचा शिपाई मारुती धावत आला आणि खुर्ची धरून उभा राहिला.

“बेबीताई, सावकाश. मॅडमचं झालं, तुमचं नको.”

“घट्ट धर,” मी म्हटलं, आणि ‘सिद्ध झालेला’ या शब्दांवर आडवी रेघ मारली. एक पुरेना म्हणून दुसरी मारली. मारुती खालून वाचत होता. म्हणाला, “आता नुसतं ‘संशोधनाने उपक्रम’ ऱ्हायलं की.” मी म्हटलं, “राहू दे. कुणी विचारलं तर बरंच आहे.”

सभाभर सगळ्यांच्या नजरा त्या रेघेवर होत्या. चेअरमनसाहेब बोलले. चांगले बोलले, त्यांची मुलगी तुझी विद्यार्थिनी, आणि बोलणं मनापासूनचं होतं. हे मी मुद्दाम लिहिते. तो माणूस वाईट नाही. त्याला तुझं नाव मोठं करायचं होतं. मला त्या उपक्रमाची संचालिका करायचं ठरलं होतं, तेही त्यांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मग मी उठले.

मी म्हणाले, माझ्या बहिणीनं हा वर्ग तपासला आणि शेवटी लिहिलं की सांगता येत नाही. मला स्वतःला वाटतं की हा वर्ग चालतो. इथं बसलेल्यांत सगळ्यात जास्त मलाच वाटतं, कारण तो मी घेतला. म्हणूनच माझ्या वाटण्यावर विसंबू नका. हा वर्ग मी पुन्हा करून बघणार आहे. किती फरक पडला तर पडला म्हणायचं, हे वर्ग सुरू व्हायच्या आधी ठरवून सगळ्या शाळांना सांगणार आहे. नाही पडला तर याच हॉलमध्ये येऊन तसं सांगेन आणि वर्ग बंद करेन. तोवर तिच्या नावावर ‘सिद्ध’ लावायचं नाही.

या खेपेला टाळ्या झाल्या नाहीत. ‘सांगता येत नाही’ला कुणी वाजवल्या असत्या तर मलाच विचित्र वाटलं असतं.

जिन्यात चेअरमनसाहेबांनी गाठलं. “ताई, ‘माहीत नाही’ असा फलक लावला तर कोण येणार?”

“अक्का जन्मभर तोच फलक लावून बसली होती,” मी म्हटलं. “हॉल भरला की आज.”

“मग आमच्या शाळा मिळणार नाहीत. तुमचं तुम्ही बघा.”

“बघते,” मी म्हटलं. पायात चपला सरकवल्या आणि निघाले.

आता खरा प्रश्न उरला. पुन्हा करायचं तर तेच पुन्हा होणार. कुठला तरी गुरुजी आपल्या पोरांना उपाशी ठेवणार नाही. आणि ठेवू नये, असंच मलाही वाटतं. इथं जेवणाच्या वेळी दारात आलेल्याला ताट न देणं कुणाला जमत नाही. तू ते तुझ्या आखणीत धरलंच नव्हतंस. चूक गुरुजींची नव्हती अक्का, चूक तुझ्या आखणीची होती. तू असतीस तर हे मी तुझ्या तोंडावर बोलले असते. आता लिहून बोलते.

उपाय मला आमच्या गल्लीतल्या भिशीत सापडला. तुझ्या पुस्तकांत तो असणारच, मला माहीत आहे, पण मला भिशीत सापडला. चिठ्ठी निघाली आणि समोरच्या सुमनचा नंबर लागला. बाकीच्या बायका चहा पीत, टवाळ्या करत बसल्या होत्या. एकीचाही चेहरा पडला नाही. का नाही पडला? कारण भिशीत नंबर आधी लागतो किंवा नंतर लागतो, पण लागतो सगळ्यांचा. तू मुख्याध्यापकांना भिशीचं उदाहरण दिलंस आणि भिशीतली मुख्य गोष्टच विसरलीस. तुझ्या चिठ्ठीत अर्ध्यांचा नंबर कधीच लागणार नव्हता.

म्हणून मी असं बेतलं. अर्ध्या शाळांना वर्ग आत्ता, अर्ध्यांना दिवाळीच्या सुट्टीनंतर. दिवाळीआधी दोन्हीकडं पिशवीचा तास घ्यायचा आणि मोजायचं. थांबणाऱ्यांना तारीख लिहून द्यायची, म्हणजे शनिवारी चोरून वाढायची गरज पडणार नाही. मोजायला तुझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी जातील. कुठली शाळा कुठल्या गटात, हे त्यांना मी सांगणार नाही, आणि त्यांनी पोरांना विचारायचं नाही. मी मोजणार नाही. त्या दिवशी मी दाराबाहेरही उभी राहणार नाही. हे कबूल करताना मला किती जड गेलं, ते तुला सांगायला नको.

आठ शाळा तयार झाल्या. संस्थेच्या नाहीत, जिल्हा परिषदेच्या. गेल्या शनिवारी त्यातल्याच एका शाळेत सगळ्यांना बोलावलं. कुंभार गुरुजी सगळ्यांच्या आधी आले होते. तुझ्याबद्दल बोलताना त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग हळूच म्हणाले, “बाई, या खेपेला आमास्नी पैल्या गटात टाका. मॅडमची आठवण म्हणून.”

मला ते करता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं.

“टाकणारी मी नाही, गुरुजी. हात तुमचा.”

स्टीलच्या डब्यात आठ चिठ्ठ्या होत्या. एकेकानं काढली. गुरुजींनी शेवटची राहिलेली उचलली, उघडली आणि माझ्यासमोर धरली. ‘दिवाळीनंतर.’

“परत आमीच व्हय?”

“परत तुम्हीच.”

शेजारचे एक मुख्याध्यापक म्हणाले, “एकडाव परत टाकू या की, म्हातारा माणूस हाय.” सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी डब्याचं झाकण लावलं.

गुरुजींनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. मग टोपी घालत म्हणाले, “म्हंजे दिवाळीपतोर मेव्हण्यासंगं बोलायचं न्हाय.”

“बोला की. शाळेचं सोडून बोला.”

“मग बोलायचं तरी काय? त्यो माणूस दुसरं काय बोलतच न्हाय.”

सगळे हसले आणि मीही हसले, तू गेल्यानंतर पहिल्यांदा, आणि त्याचा मला रागही आला.

अक्का, त्या शनिवारी त्यांच्याकडून मी वचन घेतलं नाही. तारीख दिली. ते थांबतील असं मला वाटतं, पण खात्री नाही. त्यांनी पुन्हा वाढलं आणि दोन्ही गट पुन्हा सारखे आले, तर मी घरी येऊन त्यांची शाळा बाजूला काढून आकडे मांडणार नाही. कुणालाच वगळणार नाही. हे निकाल यायच्या आधी, पहिला वर्ग व्हायच्याही आधी, सगळ्यांना वाचता येईल अशा ठिकाणी लिहिते आहे, म्हणजे मला नंतर फिरता येणार नाही. हरले तर सगळ्या शाळांसकट हरेन.

पण हरेन असं मला वाटत नाही. कशावरून, ते दिवाळीत सांगते. वर्ग सोमवारपासून आहे.